मनातला सवंगडी

किल्लारीचं नवं गाव नकाशावर लगेच ओळखू येतं. सरळ रेघेत आखलेले रुंद रस्ते, ठरावीक अंतरावर एकासारखी एक घरं, मधे मोकळी जागा. मराठवाड्यातलं जुनं गाव असं नसतं. तिथे वेशीतून आत शिरलं की गल्ली वळत जाते, एका वाड्याची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते, एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर सहज जाता येतं, आणि ढाळजेत बसलेल्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय कुणाला पुढे जाता येत नाही. जुनं किल्लारीही तसंच होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, ते संपलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. काही नोंदींत हाच आकडा दहा हजारांजवळ जातो.

कल्पनेतल्या मित्रांवरचं प्रकरण भूकंपापासून सुरू करायला कारण आहे. मनातला सोबती खऱ्या माणसांची जागा घेऊ शकतो का, हा प्रश्न एरवी आपण भरल्या घरात बसून विचारतो. तिथे उत्तर काहीही आलं तरी कुणाचं काही अडत नाही. ज्यांची गल्ली, भावकी आणि खेळगडी एका पहाटेत गेले, त्यांच्यासाठी मात्र तो जगण्याचा प्रश्न होतो. माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर किल्लारीच्या पुनर्वसनात मिळतं. तिथवर जाण्याआधी लेकरांकडे पाहू, कारण हा सवंगडी पहिल्यांदा त्यांनाच भेटतो.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे आपल्या तीनही मुलांच्या वाढीच्या बारीक नोंदी ठेवत. त्यांची मुलगी झाकलीन चार वर्षांची होत आली तेव्हा तिनं ‘आसो’ नावाचा एक पक्ष्यासारखा प्राणी मनानं उभा केला. ती जे जे शिकत होती त्यात आसो तिच्याबरोबर असे. काही मना केलं तर ते पाळायला तो तिला बळ देई, ती हिरमुसली की समजूत काढी. काही आठवडे तो घरात असा वावरला आणि मग निघून गेला. पियाजेंना हा लहान मुलाच्या कच्च्या विचारशक्तीचा एक टप्पा वाटला. समज वाढली की असले खेळ आपोआप सुटतात, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी या सवंगड्याकडे जास्त आदरानं पाहिलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर यांनी अनेक वर्षं मुलांना समोर बसवून त्यांच्या न दिसणाऱ्या मित्रांची माहिती विचारली. नाव काय, वय काय, राहतो कुठे, भांडतो का, असे साधे प्रश्न. १९९९ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. २००४ मध्ये त्यांच्या गटानं शंभर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा सवंगडी असलेली मुलं त्यात ६५ टक्के निघाली. जिला स्वतःचं नाव-स्वभाव आहे अशी बाहुली किंवा कापडी प्राणीही त्यांनी या हिशेबात धरला होता. म्हणजे ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. पहिलं किंवा एकुलतं एक अपत्य असेल तर तिचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, इतकंच.

ही मुलं लाजरी, एकलकोंडी किंवा बिघडलेली असतात, असा जुना समज होता. तपासणीत तो टिकला नाही. टेलर आणि स्टेफनी कार्लसन यांनी १९९७ मध्ये तीन-चार वर्षांच्या १५२ मुलांचा अभ्यास केला. ज्यांचं कल्पनेच्या खेळात मन रमतं, ती मुलं एका बाबतीत थोडी पुढे असल्याचं त्यात दिसलं. समोरच्याला आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, तो वेगळं काही धरून चाललेला असू शकतो, हे त्यांना लवकर उमगतं. नीट पाहिलं तर यात नवल नाही. न दिसणाऱ्या मित्राशी खेळताना दोघांचं बोलणं एकट्यालाच बोलावं लागतं, आणि दुसऱ्याच्या मनात शिरल्याशिवाय त्याचं वाक्य सुचत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपला मित्र खरा नाही, हे मुलांना माहीत असतं. संशोधक गंभीर चेहऱ्यानं त्या मित्राची चौकशी करत बसले की मधेच मुलं त्यांनाच समजावतात, ‘तो खराखुरा नाही हं, मी बनवलाय.’ आईबाप ज्या भीतीनं डॉक्टरकडे धाव घेतात त्या भीतीचं उत्तर इथे आहे. खरं आणि मनातलं यांच्यातली रेघ लेकराला ठाऊक असते. खेळताना ते ती मुद्दाम ओलांडतं आणि जेवायला हाक आली की परत येतं.

तरीही तो मित्र नेहमी ऐकतो असं नाही. काही मुलं तक्रार करतात की तो बोलावलं तरी येत नाही, नको तेव्हा येतो, खेळण्यात वरचढपणा करतो. आपणच घडवलेली आकृती आपल्याला न जुमानता वागते, हा अनुभव मोठ्यांनाही येतो. टेलर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ५० कथा-कादंबरीकारांना याबद्दल विचारलं. त्यांच्यापैकी ९२ टक्के लेखकांनी सांगितलं की आपली पात्रं कधी कधी स्वतःच्या मर्जीनं वागतात-बोलतात. २००३ मध्ये हा अभ्यास छापून आला. कल्पना पुरेशी घोटली गेली की ती बोट सोडून चालू लागते. मात्र ती चालते आपल्याच अंगणात. लेखकाला जे मुळीच ठाऊक नाही ते त्याच्या पात्रालाही ठाऊक नसतं.

बाहुलीची गोष्ट वेगळी आहे. वेल्स्ली कॉलेजच्या ट्रेसी ग्लीसन यांच्या अभ्यासात असं दिसलं की न दिसणारा मित्र बहुधा बरोबरीचा असतो, आणि बाहुली किंवा कापडी अस्वल यांच्याशी मूल आईबापासारखं वागतं. त्यांना न्हाऊ घालतं, दटावतं, निजवतं. आपल्याकडे ही दुसरी तऱ्हा फार जुनी आणि फार समृद्ध आहे. भातुकली, बाहुला-बाहुलीचं लग्न, पोळ्याच्या आधी ओल्या मातीचे बैल करून त्यांना सजवणं. हे सगळे कल्पनेचेच खेळ, पण ते खेळायला आळी लागते. बाहुलीच्या लग्नाला वऱ्हाड हवं, मानपानावरून रुसणारी विहीण हवी, आणि नवरदेव आपल्याच घरचा असावा यावर भांडण हवं. आपल्या मुलांची कल्पना वर्षानुवर्षं अशी चारचौघांत वाढली. या खेळांनी आपल्याला जे दिलं त्याची किंमत ते खेळ घराघरांतून जाताना आपण केली नाही, असं मला वाटतं.

याच कारणानं एकट्यानं अदृश्याशी बोलणारं मूल आपल्याकडे चटकन खटकतं. मानववंशशास्त्रज्ञ अँटोनिया मिल्स यांनी दोन प्रकारच्या मुलांची तुलना करणारा लेख २००३ मध्ये लिहिला. एका बाजूला अमेरिकेतली कल्पनेतले मित्र असणारी मुलं, दुसऱ्या बाजूला भारतातली ‘मागच्या जन्मीचं’ बोलणारी मुलं. आपल्या समाजात मुलाच्या बोलण्यात कुणी अनोळखी नाव आलं की मोठी माणसं त्याला गेल्या जन्माचा किंवा बाहेरच्या बाधेचा अर्थ लावतात आणि मूलही तो अर्थ उचलतं. पुढची पायरी अंगारा, गंडा आणि देवऋषी. या वाटेनं गेलेल्या लेकरांना मार खावा लागल्याची, धूर कोंडून घुसमटवल्याची उदाहरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. चार वर्षांच्या पोरीनं कोपऱ्याशी गप्पा मारल्या तर तिला भूतबाधा झालेली नसते. ती तिच्या वयाचं काम करत असते.

मोठेपणी हा सवंगडी जात नाही, रूप बदलतो. जर्मनीत इंगे सायफगे-क्रेंके यांनी रोजनिशी लिहिणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास केला. ही मुलं वहीत एखाद्या काल्पनिक मैत्रिणीला उद्देशून लिहितात, जसं ॲन फ्रँकनं १९४२ पासून आपल्या डायरीत ‘किटी’ला लिहिलं. अशी मुलं मित्रांवाचून पडलेली असतात, हा अंदाज इथेही चुकला. त्यांच्यातली बरीच जण माणसांत नीट मिसळणारी होती.

आपल्याकडे याहून मोठं उदाहरण आहे आणि ते मराठवाड्यातलंच आहे. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. आईबापाविना, हलक्या मानल्या गेलेल्या जातीची, दिवसभर दुसऱ्याच्या घरचं राबणारी बाई. तिच्या अभंगांतला विठ्ठल देव्हाऱ्यात बसत नाही. तो तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, तिचे केस विंचरतो. भक्तीच्या दृष्टीनं हा साक्षात्कार आहे आणि त्याला कल्पना म्हणणं मला शोभणार नाही. पण माणसाच्या मनाला सोबत किती हवी असते आणि ती कशी हवी असते, हे यापेक्षा नेमकं कुणी सांगितलेलं नाही. तिला कामाला हात लावणारा हवा होता, नुसता ऐकून घेणारा पुरेसा नव्हता.

जात्यावरच्या ओव्यांतही हेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला. पहाटेच्या अंधारात बाई जात्याला देव मानून त्याच्यापाशी मन मोकळं करते, दूरच्या भावाला हाक मारते, मेलेल्या आईशी बोलते. समोर नसलेल्या माणसांशी केलेला इतका मोठा संवाद दुसऱ्या कुठल्या साहित्यात एकत्र सापडेल असं वाटत नाही. तरी एक गोष्ट विसरू नये. जात्याच्या खुंट्याला बहुतेक वेळा दोन हात असत. जाऊ, नणंद, शेजारीण समोर बसलेली असे आणि एकीची ओवी दुसरी उचलून घेई. ती समोरची बाई होती म्हणून त्या गैरहजर माणसांशी बोलता येत होतं. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले आणि ते वाचायलाच हवे होते. त्यांच्याबरोबर समोरची बाईही गेली.

गेलेल्या माणसाशी बोलणं हे दुःखाचं एक नेहमीचं रूप आहे. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी जोडीदार गेलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना भेटून १९७१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या जणांना गेलेला जोडीदार जवळपास असल्याचं जाणवत होतं. काहींना तो दिसे, काहींना त्याचा आवाज येई, काही त्याच्याशी बोलत. बऱ्याच जणांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि अनेकांना त्या जाणिवेचा आधार वाटत होता. मृताला मनातून सोडून देणं म्हणजेच दुःखातून बाहेर येणं, हा जुना विचार यानंतर हळूहळू मागे पडला. १९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं की निरोगी माणूसही गेलेल्याशी नातं राखतो, फक्त त्याचं रूप बदलतं. हे आपल्या खेड्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सर्वपित्रीला पान वाढून ठेवणाऱ्या घराला ते माहीतच असतं.

इथवर सगळं मनातल्या सवंगड्याच्या बाजूनं झालं. आता किल्लारीत परत जाऊ.

भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला आणि अनेक संस्थांनी गावं दत्तक घेतली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. घरं मजबूत झाली आणि ते काम साधं नव्हतं. रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरं हवीत, असं खुद्द गावकऱ्यांनाही वाटत होतं. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती अंगावर आल्याचं ज्यानं पाहिलं त्याला दोष कसा द्यायचा? कित्येक जण पुढे बरेच दिवस छताखाली झोपायलाच तयार नव्हते.

पण बऱ्याच ठिकाणी घर कुठे मिळणार हे त्याच्या आकारावरून ठरलं आणि जुने शेजार मोडले. पूर्वी ओसरीवरून हाक मारली की जी बाई बाहेर येई, ती आता तीन रस्ते पलीकडे गेली. पार राहिला जुन्या गावात. शेत लांब पडलं. मराठवाड्यातल्या या पुनर्वसनाचा ज्यांनी ज्यांनी नंतर अभ्यास केला त्यांच्यापैकी अनेकांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं: भिंती उभ्या राहिल्या, शेजार उभा राहायला फार वेळ लागला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतून, मानसोपचारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं, या भागातल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला. भूकंपानं मनावर केलेला परिणाम घर मिळाल्यानं संपत नाही, हे आपल्या देशात गंभीरपणे तपासलं गेलं ते या आपत्तीनंतर.

मनातली सोबत खऱ्या सोबतीची जागा घेऊ शकत असती, तर या लोकांना शेजाराची उणीव एवढी जाणवायला नको होती. त्यांच्याजवळ मनातली माणसं भरपूर होती. प्रत्येक घरात होती. त्यांच्याशी बोलणंही चालू असणार. मग काय कमी पडत होतं?

माझं उत्तर असं आहे. मनातला माणूस आपलं ऐकतो, पण त्याला आपली गरज नसते. त्याच्या घरी आजारपण येत नाही, त्याला उसनं पीठ लागत नाही, तो आपल्यावर रागावून दोन दिवस बोलणं टाकत नाही. आणि ढिगाऱ्याखालून तो आपल्याला ओढून काढत नाही. त्या पहाटे लष्कर आणि यंत्रं पोहोचण्याआधीच्या तासांत ज्यांनी दगड उपसले ते हात शेजारच्या माणसांचे आणि जवळच्या गावांतून धावत आलेल्यांचे होते. कुणाच्या तरी उपयोगी पडणं हीसुद्धा माणसाची भूक आहे, आणि ती कल्पनेनं भागत नाही.

या म्हणण्याला प्रयोगाचाही आधार आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकाअखेरीस माकडांच्या पिल्लांना आईपासून तोडून कापडी पुतळ्यांवर वाढवलं. पिल्लं त्या मऊ पुतळ्याला बिलगत, घाबरली की त्याच्याकडे धावत, त्याच्या आधारानं धीट होत. आज कुणी हा प्रयोग करू देणार नाही आणि देऊही नये. पण त्यातून जे कळलं ते विसरता येत नाही. नुसत्या पुतळ्याबरोबर वाढलेली पिल्लं मोठेपणी इतर माकडांत वावरू शकली नाहीत, त्यांना जोडीदाराशी आणि स्वतःच्या पिल्लांशी वागता येईना. कापडी आईबरोबरच रोज थोडा वेळ, अगदी वीस मिनिटंही, दुसऱ्या पिल्लांशी खेळायला मिळालेली मात्र बरीच सावरली. ती एकमेकांना ढकलत होती, चावत होती, समजूत घालत होती. पुतळा यातलं काही करत नव्हता.

माणसांतलं उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या टेरेझीन छावणीतून सुटलेली साधारण तीन वर्षांची सहा अनाथ मुलं इंग्लंडमध्ये बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात आणली गेली. ॲना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. ती मुलं मोठ्या माणसांना जवळ येऊ देत नव्हती, खेळणी फोडत होती, चावत होती. पण एकमेकांपासून क्षणभर दूर राहायला तयार नव्हती. एकानं खाल्लं का हे दुसरा आधी बघे. आईबाप, घर, भाषा, सगळं हिरावलं गेलेल्या त्या सहा जणांना एकमेकांनी सांभाळलं होतं.

हे वाचताना मला भूकंपानंतर पुण्याला नेलेली मुलं आठवतात. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी आणली. पुढे त्यांच्यासाठी वाघोलीला पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. मुलांना गावापासून दूर न्यावं का, यावर मतभेद होऊ शकतात. आजी, चुलते, शेत, बोली यांच्यापासून मूल तुटतं ही किंमत लहान नाही. तरी त्या निर्णयात एक मोठी गोष्ट होती. तिथे प्रत्येक मुलाच्या शेजारच्या खाटेवर त्याच पहाटेतून आलेलं दुसरं मूल होतं. त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

गावातल्या बायकांसाठीही असंच काही घडलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. काम होतं दुरुस्तीचं अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधली तर टिकते, हे घरोघरी सांगण्याचं. ज्या बाईनं चार दिवसांत तोंड उघडलं नव्हतं ती सिमेंट-वाळूच्या हिशेबावर बोलू लागते, तेव्हा तिचं दुःख कमी झालेलं नसतं. पण ते घेऊन ती माणसांत आलेली असते. समुपदेशनाच्या खुर्चीइतकीच या हिशेबाच्या बैठकीची ताकद मी मानतो. पुढे याच गटांतून बचतगटांचं मोठं जाळं विणलं गेलं.

आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. गेलेल्यांची आठवण प्रत्येकाची वेगळी आहे, पण ती सांगायला जिवंत माणसं जवळ लागतात.

माणसांच्या सोबतीचा हिशेब नुसत्या मनापुरता नाही. ज्युलिॲन होल्ट-लन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतली मिळून ३,०८,८४९ माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक संबंधांवर खास आयोग नेमला तो याच काळजीतून.

हा विषय आज लातूरला फार जवळचा आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर नांदेड, परभणी, बीड, धाराशिव आणि त्यापलीकडची सोळा-सतरा वर्षांची हजारो मुलं लातुरात भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहून नीट-जेईईची तयारी करतात. नांदेडलाही तेच चित्र आहे. क्लास, मेसचा डबा, अभ्यासिका, खोली. शेजारच्या खाटेवरचा मुलगा त्याच जागेसाठी लढणारा स्पर्धक. अशा मुलाच्या हातात आता फोनमधला बोलका मित्र आला आहे.

या मित्राचा पूर्वज जुना आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलिझा’ नावाचा संगणक-प्रोग्राम जाहीर केला. आपण लिहिलेलं वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी, एवढंच. वायझेनबाऊम यांच्या सेक्रेटरीला हे सगळं माहीत होतं. तरी एलिझाशी दोन वाक्यं बोलल्यावर तिनं त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. २०१७ मध्ये ‘रेप्लिका’ हे सोबत देणारं ॲप आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं त्याची बोलण्याची पद्धत बदलली, तेव्हा अनेक वापरकर्त्यांनी आपलं माणूस गेल्यासारखा शोक केला. २०२५ मध्ये एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआय यांनी ९८१ माणसांवर चार आठवड्यांचा अभ्यास जाहीर केला. चॅटबॉटशी रोज जास्त वेळ बोलणाऱ्यांत एकटेपणा जास्त आणि माणसांत मिसळणं कमी, असं त्यात दिसलं. एकटी माणसंच जास्त बोलत असतील हेही त्यात आहे.

झाकलीनचा आसो आणि हा फोनमधला मित्र यांना एकाच रांगेत बसवायला माझी हरकत आहे. आसो तिनं स्वतः घडवला होता. त्याचं प्रत्येक वाक्य तिला शोधावं लागत होतं आणि त्या कष्टातून ती वाढत होती. काम झालं तसा तो गेला. फोनमधला मित्र दुसऱ्यानं घडवलेला असतो. त्याच्या वाक्यासाठी मुलाला काही करावं लागत नाही, आणि त्यानं जाऊ नये यातच बनवणाऱ्याचा फायदा असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता त्याच्याशी बोलून थोडा धीर येत असेल तर तो धीर खोटा नाही. पण सकाळी ताप आला तर मेसमधून खिचडी आणून देणारा खोलीतला तो स्पर्धकच असतो.

म्हणून घरच्यांनी काय पाहावं? लेकराचा न दिसणारा मित्र किती विचित्र आहे, हे नाही. त्याच्या जोडीला दिसणारी माणसं आहेत का, हे पाहावं. तीन ते आठ वर्षांचं मूल मनातल्या मित्राशी बोलतं आणि गल्लीत खेळतंही, तर काळजीचं काही नाही. त्याची टिंगल करू नका, आणि आपण होऊन त्या मित्राचे कौतुकसोहळेही करू नका. तो खेळ त्याचा आहे. पण मोठं मूल माणसांना टाळून तासन् तास तिथेच राहत असेल, तो आवाज त्याला घाबरवत असेल, स्वतःला इजा करायला सांगत असेल, किंवा तो खरा नाही हे त्याला उमगत नसेल, तर देवऋषी नको, मानसोपचारतज्ज्ञ हवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दलही हेच. गेलेल्या जोडीदाराशी ते बोलत असतील तर बोलू द्या, आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा.

लातूर-नांदेडला खोली घेऊन राहिलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा मार्क विचारण्यासाठी फोन करणाऱ्या आईबापांना माझी एक विनंती आहे. पुढच्या फोनवर त्याच्या खोलीतल्या मुलाचं नाव विचारा, त्याचं गाव विचारा, दोघं जेवायला बरोबर जातात का ते विचारा. आणि उत्तर ऐकून मनात काळजी आली तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पलीकडे माणूस असतो.